सासवड–सोनोरी–मल्हारगड–झेंडेवाडी: एका दिवसाची गोल पायपीट, क्रमवार

सासवडहून निघायचं, सोनोरीकडून मल्हारगड चढायचा, पलीकडे झेंडेवाडीत उतरायचं आणि फिरून सासवडला यायचं. नकाशावर ही वाट सोपी दिसते. चढ जेमतेम दोनशे मीटरचा, गावं जवळजवळ, पुणे तीस-एक किलोमीटरवर. तरीही ती फसते, आणि बहुतेकांची फसते ती गड सोडल्यानंतर.

कारण साधं आहे. गड चढून त्याच वाटेनं उतरलात तर परतीचा प्रत्येक वळसा सकाळीच पाहिलेला असतो. गोल वाटेत दुसरा अर्धा भाग पूर्ण अनोळखी, आणि तो दमलेल्या पायांनी, उन्हात, पाणी संपत आलेलं असताना चालायचा असतो. लोक मात्र तयारी करतात ती पहिल्या अर्ध्याची. गड कुठून चढायचा हे नीट विचारून ठेवतात आणि उतरायचं ‘बघू वर गेल्यावर’ म्हणून सोडून देतात. म्हणून तयारीचा क्रम उलटा ठेवायचा. आधी परतीचा भाग आखा, मग जाण्याचा.

वाटेचे टप्पे असे: सासवड ते सोनोरी सुमारे ६ किमी, सोनोरी ते गड ३ किमीच्या आसपास, गडावरून खिंडीतून झेंडेवाडी साधारण तेवढंच, झेंडेवाडी ते पुणे–सासवड रस्त्यावरचा फाटा अडीच किमी आणि फाट्यावरून सासवड आठ-नऊ किमी. एकूण २२-२३ किमी. सासवडमध्ये कुठून सुरुवात करता यावर अर्धा-एक किलोमीटर इकडेतिकडे होईल.

१. दिवस निवडणं

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. पुरंदरचा हा भाग पावसाच्या छायेत येतो, त्यामुळे इथला पावसाळा मावळासारखा धुवाधार नसतो. तरी जुलै-ऑगस्टमध्ये दोन अडचणी येतात. डोंगरधार ढगात गेली की खिंड दिसत नाही, आणि शेताच्या कडेच्या काळ्या मातीचे गोळे बुटांना चिकटून चाल निम्म्यावर येते. ऑक्टोबरात ऊन अंगावर येतं आणि गवत कमरेपर्यंत असतं. मार्चपासून धारेवर सावली नाही. एप्रिल-मेमध्ये ही फेरी पूर्ण करायचा हट्ट धरू नये. पहाटे गडावर जाऊन सोनोरीतच परत उतरावं.

दोन गोष्टी पंचांगात पाहून ठेवा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते, त्या दिवसांत रस्त्याची वाहतूक वळवलेली असते आणि परतीची बस मिळेल हे गृहीत धरता येत नाही. दुसरं म्हणजे डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. दिवस अकरा तासांचाच मिळतो, आणि पुढचं सगळं गणित त्यातच बसवायचं आहे.

२. नकाशा: आधी जाण्याची बाजू नाही, परतीची बाजू

फोनवरचा उपग्रह-नकाशा उघडला की डोंगरावर पांढरट रेघांचं जाळं दिसतं. ती प्रत्येक रेघ वाट समजणं ही पहिली मोठी चूक. त्यातल्या कित्येक रेघा गुरांच्या वाटा असतात, काही पावसाळी ओघळ आणि काही वणवा पसरू नये म्हणून मारलेले जाळपट्टे. वरून सगळं सारखंच दिसतं.

सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा जवळ असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. त्यावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. शिवणाचा दोरा वाटेवर वळणावळणानं ठेवा, ताणून मोजा आणि आलेल्या अंतरात पंधरा-वीस टक्के मिळवा, कारण डोंगरातली लहान वळणं त्या प्रमाणात दिसत नाहीत. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात. जिथं दोन बाजूंच्या रेषा धारेजवळ चिमटीसारख्या आत येतात ती खिंड. मल्हारगड आणि झेंडेवाडी यांच्यामध्ये धारेतली जी खिंड आहे ती ओळखून तिच्यावर पेन्सिलीनं गोल करा. या अख्ख्या फेरीत चुकवू नये अशी जागा तेवढी एकच.

शेतांमधून जायचं असेल तर गावनकाशाही पाहावा. महसुली गावनकाशात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. नकाशात एकही तुटक रेघ नसलेल्या बांधावरून चाललात तर तुम्ही कुणाच्या तरी शेतात आहात, एवढं लक्षात ठेवा. तिथं मालकाला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

फोनमध्ये नकाशा घरीच उतरवून ठेवा आणि सहा खुणा नावानिशी टाका: सासवड एसटी स्थानक, सोनोरी गाव, गडाचा दरवाजा, खिंड, झेंडेवाडी, झेंडेवाडी फाटा. धारेच्या आडोशाला रेंज जाते, पण जीपीएस रेंजवर चालत नाही. नकाशा उतरवलेला असेल तर तुम्ही कुठं आहात ते दिसतंच.

*तपासा:* नकाशा न पाहता सोबत्याला गडावरून फाट्यापर्यंतची वाट सांगता येते का? येत नसेल तर आखणी अजून झालेली नाही.

३. दिशा आणि वेळेचं गणित

ही फेरी घड्याळाच्या उलट दिशेनं करावी: आधी सोनोरी, मग गड, मग झेंडेवाडी. उलट्या बाजूनं जाणारे सकाळच्या ताज्या पायांनी नऊ किलोमीटर डांबर तुडवतात आणि संध्याकाळी सोनोरीत येऊन उभे राहतात. तिथून सासवडला वाहनं मोजकी. सांगितलेल्या दिशेनं गेलात तर दमलेला अर्धा भाग बसच्या रस्त्यावर येतो. कुणाचा पाय मुरगळला, ऊन लागलं, उशीर झाला, तरी फाट्यावर पीएमपी (पुण्याची शहरबस) किंवा एसटी मिळते. गोल वाट आखताना सुटकेची जागा नेहमी उत्तरार्धात हवी, पूर्वार्धात तिचा उपयोग नाही.

वेळ काढायची ती अशी. सपाट रस्त्यावर पाठीवर सामान घेऊन ताशी ४ किमी, पायवाटेवर ३ किमी, आणि चढाच्या प्रत्येक १०० मीटरला वरची १० मिनिटं. त्या हिशेबानं सासवड–सोनोरी दीड तास, सोनोरी–गड १ तास २० मिनिटं, गडावर एक तास, गड–झेंडेवाडी एक तास, झेंडेवाडी–फाटा ४० मिनिटं, फाटा–सासवड सव्वादोन तास. बेरीज पावणेआठ तास. दर तासाच्या चालीला १० मिनिटं विसावा धरला की सुमारे नऊ, आणि वाट शोधण्यासाठी एक तास राखीव ठेवला की दहा.

म्हणजे सकाळी साडेसहाला सासवड सोडलं तर साडेचारच्या आत परत. आठला निघालात तर सहा वाजतात, आणि डिसेंबरात तेव्हा दिवस मावळतो. पुण्याहून सकाळी सातची बस पकडून ‘आरामात’ निघणाऱ्यांचा दिवस इथंच हातातून जातो. स्वारगेट किंवा हडपसरकडून पहाटेची गाडी धरा, किंवा आदल्या रात्री सासवडला राहा.

हा वेग गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा. सरासरी काढू नका, सरासरीच्या वेगानं कुणीच चालत नसतं.

४. पाठीवर काय

पाणी हिवाळ्यात माणशी ३ लिटर, फेब्रुवारीनंतर ४. गडावरच्या विहिरींच्या भरवशावर राहू नये. त्या आटतात आणि असलेलं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. सोनोरीत आणि झेंडेवाडीत मागितलं तर पाणी मिळतं, पण मधल्या साडेतीन-चार तासांचं पाणी तुमच्या पाठीवरच हवं.

ओआरएसच्या मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागतं. लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात किंवा दोन चिमट्या टाकून उरलेलं खिशात ठेवतात. घट्ट झालं तर मळमळतं, पातळ झालं तर उपयोग नाही. एक लिटरची बाटली याच कामासाठी वेगळी ठेवा.

बूट जुने, पायात बसलेले आणि तळव्याला खाचा असलेले हवेत. पँट लांब आणि गुळगुळीत कापडाची. नोव्हेंबरनंतर गवताची कुसळं लोकरी मोज्यांत आणि ट्रॅकपँटच्या कापडात इतकी शिरतात की चालणं नको होतं. टोपी, शिट्टी, बॅटरी (दिवसा परत यायचं असलं तरी), फोनसाठी पॉवर बँक, क्रेपबँडेज, सुटे पैसे. खाणं साधं ठेवा: भाकरी-चटणी किंवा पोळी-भाजीचा रोल, शेंगदाणे-गूळ, एखादं फळ. वेफर्सच्या पिशव्या नेल्या की तहान वाढते आणि कचराही.

घरी एका माणसाला वाट, सोबत्यांची नावं आणि ‘सहा वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं’ हे लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

५. सासवड ते सोनोरी

हा डांबरी रस्ता आहे, शोधायचं फारसं काही नाही. उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. पहाटे अंधुक असतं, म्हणून पाठपिशवीला काहीतरी पांढरं किंवा चमकणारं बांधा. दोन्ही बाजूंना सीताफळ आणि अंजिराच्या बागा लागतात. फळ तोडायचं नाही, खाली पडलेलंही उचलायचं नाही. हा बागाईतदाराच्या वर्षाच्या कमाईचा माल आहे.

मळ्यातली कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, काठी जमिनीला टेकवून धरा, घरातल्या माणसाला हाक द्या आणि कुत्र्यांकडे तोंड ठेवून हळूहळू पुढे सरका. बागांच्या कडेला रानडुकरांसाठी झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या तारा असतात. बारीक, चकचकीत, गुडघ्याच्या खालच्या उंचीवर. तार चालू आहे असंच समजून वागा.

*तपासा:* सोनोरीत पोचायला सव्वाआठपेक्षा जास्त वेळ झाला का? नऊ वाजून गेले असतील तर फेरी सोडा, गड पाहून इथंच परत या. पहिल्या सपाट टप्प्यात पाऊण तास गेला तर पुढच्या अवघड टप्प्यात तो भरून निघत नाही.

६. सोनोरीतून चढ

गावातून गडाकडे गाडीरस्ता गेलेला आहे. तो धरून गेलात तर चुकायला जागा नाही. गावाबाहेर पडण्यापूर्वी बाटल्या भरून घ्या.

याच टप्प्यावर झेंडेवाडीची वाट विचारून घ्यायची, आणि विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘ही वाट झेंडेवाडीला जाते का?’ असं विचारलं की पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून ‘जाते की’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘रामराम बाबा, गडावरून पायी झेंडेवाडीत उतरायचं तर कुठून?’ असं विचारा आणि त्यांना हातानं दाखवू द्या. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या माणसाला विचारलंत तर सगळ्यात उत्तम, धार त्याच्या पायाखालची असते. दोघांना वेगवेगळं विचारा. दोन उत्तरं जुळली तर वाट खरी. अंतर मात्र विचारू नका. ‘हे काय, इथंच’ म्हणजे रोजच्या चालणाऱ्याचं इथंच. त्याऐवजी वाटेत काय लागतं ते विचारा: झाड, टाकी, देऊळ, खांब.

७. गडावर: निर्णयाची जागा

पावणेदहाच्या सुमारास गडावर पोचायला हवं. गड लहान आहे. बाहेरचा तट साधारण त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला, बालेकिल्ल्यात महादेव आणि खंडोबाची मंदिरं. तासाभरात सगळं पाहून होतं. तटावर चढून कडेला उभं राहू नका, सांध्यांतले दगड सुटे झालेले असतात. बुरुजाखाली किंवा झाडावर मोठी काळपट पोळी दिसली तर आवाज, अत्तराचा वास आणि धूर टाळा आणि दूरच्या बाजूनं जा.

सगळे बसून खाऊ लागले की एकानं एक काम करायचं. तटाच्या वायव्य बाजूला जाऊन डोळ्यांनी खिंड शोधायची. नकाशावर गोल केलेली जागा, फोनवरची खूण आणि डोळ्यांना दिसणारी खिंड, तिन्ही एकच आहेत याची खात्री करा. खिंडीपर्यंतची वाट जिथवर दिसते तिथवर फोटो काढा. खाली उतरल्यावर झुडपांमुळे ती दिसणार नाही, तेव्हा हा फोटो कामाला येतो.

*थांबा, आणि ठरवा:* पुढे जायचं का? सव्वाअकरा झाले असतील, माणशी दीड लिटरपेक्षा कमी पाणी असेल, खिंड ढगात असेल किंवा कुणाचा गुडघा बोलत असेल, तर सोनोरीकडे परत. गडावरून दोन्ही गावं जवळजवळ सारखीच दूर आहेत, पण एका बाजूची वाट तुम्ही पाहिलेली आहे. यातलं एक कारण पुरे. दोन-तीन जमेपर्यंत थांबायचं नाही.

८. खिंडीतून झेंडेवाडी

गडावरून खिंड वीस ते तीस मिनिटांवर आहे. अर्धा तास उलटूनही खिंडीत नसाल तर तुम्ही दुसऱ्या वाटेला लागला आहात. पुढे जाऊ नका, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या.

इथं फसवतात त्या गुरांच्या वाटा. त्या ओळखायच्या कशा? गुरांची वाट उताराला आडवी, एकाच उंचीवरून जाते. तशाच चार-पाच समांतर वाटा वर-खाली दिसतात, त्या फुटतात, पुन्हा मिळतात आणि शेवटी गवतात विरतात. माणसाची वाट कुठंतरी पोचण्यासाठी असते. ती खिंडीकडे किंवा गावाकडे तोंड करून राहते, अवघड जागी दगड गुळगुळीत झालेले असतात आणि दुर्दैवानं तंबाखूच्या पुड्याही पडलेल्या असतात. वाट विरली की पसरून शोधू नका. एकानं पुढं जाऊन पाहायचं, बाकीच्यांनी जागेवर थांबायचं, आणि त्यानं शिट्टीच्या टप्प्यातच राहायचं.

दुसरी चूक उतावळेपणाची. झेंडेवाडीची घरं खाली दिसतात, म्हणून लोक खिंडीपर्यंत न जाता धारेवरूनच सरळ खाली सुटतात. वरून उतार एकसलग वाटतो. मधला कातळाचा टप्पा किंवा घळ वरून दिसतच नाही, कारण उताराचा फुगवटा तिला झाकतो. त्यातच वाळक्या गवतावर मुरूम, पाय सरकतोच. इथं जखमी झालेल्याला वर आणणंही अवघड आणि खाली नेणंही. गाव दिसलं तरी खिंडीतूनच उतरायचं.

उतरताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, आणि पुढच्या माणसापासून चार-पाच पावलांचं अंतर. हात टेकवण्याआधी दगडामागे पाहा, खडकाळ उतारावर फुरशाची (हा विषारी साप) जागा तीच. गवत वाळलेलं असताना काडी, बिडी, चूल काही नको. डिसेंबरनंतरचा वारा ठिणगी धारेच्या पलीकडे नेतो.

*तपासा:* खिंड ओलांडल्यावर झेंडेवाडी समोर खाली आणि गड पाठीशी हवा. गड डाव्या किंवा उजव्या हाताला दिसत असेल तर तुम्ही अजून धारेवरच आहात.

९. झेंडेवाडी ते फाटा, आणि पुढे

गावात पोचल्यावर पाणी भरा, मोजे काढून पाय पाहा. फोड यायच्या आधी जागा लाल आणि गरम होते. तेव्हाच पट्टी लावा, फाट्यावर गेल्यावर उशीर झालेला असतो. गावापासून फाट्यापर्यंत सरळ रस्ता आहे.

फाट्यावर एक वाजेपर्यंत आलात तर दिवस हातात आहे. आता प्रश्न उरतो शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरचा. हा पुणे–सासवड–पंढरपूर मार्ग आहे, गाड्या वेगानं येतात, ट्रक भरपूर. फेरी पायीच पूर्ण करायची असेल तर आखणीच्या वेळीच दिवे गाव आणि पुढच्या वाड्यांमधून जाणारे गावरस्ते नकाशावर जोडून ठेवा, आणि प्रत्येक फाट्यावर विचारत जा. नवे प्लॉट पडलेत तिथं जुना रस्ता तारेच्या कुंपणानं बंद झालेला असू शकतो. कुंपण ओलांडू नका, वळसा घाला. असे रस्ते जुळत नसतील तर फाट्यावरून बस धरा. हमरस्त्याच्या कडेनं दोन तास चालण्यानं पायपिटीत काही भर पडत नाही, जोखीम तेवढी वाढते. लहान मुलं सोबत असतील तर बसच.

काही बिघडलं तर

*मधमाश्या उठल्या:* तोंड आणि मान कापडानं झाकून वाऱ्याची पर्वा न करता पळा, जमलं तर झुडपांतून. हात झटकू नका. लांब गेल्यावर काटे नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून काढा. किती चावे बसले ते मोजा. श्वास लागला, ओठ सुजले तर थेट दवाखाना.

*साप चावला:* कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी, कडं, बूट काढा, तो हात किंवा पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, शक्य तितकं उचलून रस्त्यापर्यंत न्या आणि १०८ ला फोन करा. चावल्याची वेळ लिहून ठेवा. सापाच्या मागे जाऊ नका.

*ऊन लागलं:* डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं ही लक्षणं दिसली की सावली, ओलं कापड मानेवर आणि काखेत, घोट घोट ओआरएस. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तोंडातून पाणी देऊ नका, १०८ बोलवा.

*वाट चुकली आणि अंधार पडतोय:* ज्या गावाचे दिवे दिसतात तिकडे सरळ रेषेत उतरू नका. शेवटच्या ओळखीच्या जागी थांबा, ११२ ला फोन करून फोनवरचे अक्षांश-रेखांश सांगा, फोनचा प्रकाश विझवून सोबतची बॅटरी (टॉर्च) वापरा आणि एका मिनिटात शिट्टीचे सहा फुंके मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा.

सासवडला पोचल्यावर घरी फोन करा. मग त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, नकाशावर तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठला रस्ता कुंपणानं बंद होता, पाणी नेमकं कुठं मिळालं, आणि खिंडीपर्यंत खरोखर किती मिनिटं लागली.